तुम्ही विचारलंत म्हणून : मंत्री झाल्यावर गप्प का झालात?

"भाऊ, खासदार होतात तेव्हा सभागृह दणाणून सोडायचात. राज्यमंत्री झालात आणि तोंडाला कुलूप!" लग्नात, दशक्रियेला, एसटी स्टँडवर, कुठेही भेटा, हेच. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो.

राज्यमंत्री म्हणजे राज्याचा मंत्री नव्हे, हे शपथविधीनंतरही माझ्या सख्ख्या मामांना पटलं नव्हतं. ते मुंबईतल्या बंगल्याची चौकशी करत होते. केंद्रात कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखालचा तो राज्यमंत्री. स्वतंत्र कार्यभार असला तर गोष्ट वेगळी, मला नव्हता. मंत्रिमंडळाच्या बैठकीला बोलावणं आलं तरच जायचं. कोणत्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या हे कॅबिनेट मंत्री ठरवणार, बाकीच्या सचिवांकडून थेट वर.

आणि मंत्र्याला प्रश्न विचारता येत नाही. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, नाही, अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, नाही, तातडीचे मुद्दे मांडायचा शून्य प्रहरही नाही. खात्यांचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीतूनही नाव जातं. खासदार म्हणून जी हत्यारं होती, ती शपथेच्या दिवशी जमा. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. फोन आला तेव्हा आठवलं नाही, एवढंच. ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांवर बांधली आहे. ५४३ जागांमागे फार तर ८१. त्यात आपला नंबर लागल्यावर नियमांचं पुस्तक कोण उघडतो?

आता गिरणीचं. आमच्याकडची सरकारी मालकीची गिरणी बंद पडली, कामगारांची देणी थकली. खासदार असताना मी त्यावर तारांकित प्रश्न दिला होता. लोकसभेत दिवसाला २० तारांकित सोडतीने निघतात. त्यात आपला वर आला म्हणून गावात पेढे वाटले. उत्तर आलं, 'बाब विचाराधीन आहे.' "विचाराला किती वर्षं लागतात?" असं मी बाकावरून तडतडलो. ती क्लिप अजून फिरते.

दोन वर्षांनी मी त्याच खात्यात. कॅबिनेट मंत्री परदेशी, आणि गिरणीचा प्रश्न विरोधी बाकावरच्या एका सदस्याच्या नावावर. आदल्या संध्याकाळी सहसचिव फोल्डर घेऊन आले. उत्तरानंतर सदस्य जे पुरवणी प्रश्न विचारतात त्यांसाठीची टिपणं, मागे यापूर्वीची उत्तरं, त्यांना पिवळा फ्लॅग. तिथं उघडलं तर प्रश्नकर्ता म्हणून माझंच नाव.

"यात काही बदल?"

"सर, तारीख बदललीय."

उद्धटपणा नव्हता त्यात. खरंच तेवढंच बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास. 'विवरण सभापटलावर ठेवलं आहे,' म्हणालो. त्या सदस्याने पहिल्याच पुरवणीला जुना कागद काढला. हा प्रश्न मंत्रिमहोदयांनीच विचारला होता, तेव्हा त्यांना न मिळालेलं उत्तर आज ते आम्हाला देतील का? सभागृह हसलं. अधिकारी दीर्घेतून चिठ्ठी आली, तिच्यावरही 'विचाराधीन'च. आणि मी हसलो. टीव्हीवर दिसण्याइतपत.

आठवड्याने गिरणीतले एक जुने जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, घरी आले. चहा घेतला नाही.

"उत्तर नव्हतं ते समजलं, भाऊ. हसलात कशाला?"

राजीनामा फेकायचा होता, असं तुम्ही म्हणता. त्यावर मी नेहमी 'सामूहिक जबाबदारी' पुढे करतो. ती संविधानातच आहे, आणि सरकारात राहून सरकारविरुद्ध बोलायचं नाही हा तिच्यातून आलेला संकेत. बरोबरच आहे. पण हसायला कुठलं कलम लागू होतं? मी आतून पत्रं लिहिली, दोनदा बैठक लावली, हेही खरं. बाकावरचा तो जुना मी त्यावर विचारेल, "पत्रं किती आणि देणी किती?" त्याला मी म्हणेन, तुला ओरडून काय मिळालं होतं रे? पेढेच ना? या भांडणात अजून कुणी जिंकलेलं नाही. रात्री झोप नाही आली की ते पुन्हा सुरू होतं.

पुढे काही कामगारांना देणी मिळाली. माझ्या पाठपुराव्यामुळे मिळाली असं सांगायला मला आवडतं, प्रचारात सांगितलंही. त्या फायलीवर माझी सही कुठेच नाही.