जांघेतली मूठ

रात्री अकराच्या सुमारास अपघातातले दोघे एकाच ॲम्ब्युलन्समधून कॅज्युअल्टीत आले. पहिल्याच्या मांडीला टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, होता: चार बोटं रुंद कापडी पट्टी, पान्याचा दांडा घालून पिळलेली, जखमेच्या चार बोटं वर. कपाळावर पेनाने वेळ, 10:10. बांधणारा जाणता होता. एरवी दोरी येते नाहीतर कमरेचा पट्टा. दोरी कातडीत रुतते, पट्टा नीट पिळला जात नाही. अर्धवट आवळलं तर शिरा दबतात, धमनी वाहतच राहते, रक्तस्राव उलट वाढतो. पक्का बांधलेला टूर्निके 2 तासांपर्यंत सहसा पाय घालवत नाही. म्हणून ती कपाळावरची वेळ लाखमोलाची.

दुसऱ्याच्या स्ट्रेचरला चिकटून एक माणूस आला, मूठ जखमीच्या जांघेत. जांघेत टूर्निके बसत नाही, वर आवळायला जागाच नसते. तिथली मोठी धमनी फाटली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. लोक वरून कापडाच्या घड्या ठेवतात. घड्या रक्त पितात, दाब तळापर्यंत पोचतच नाही. पट्टी बोटाने थेट रक्त येतंय तिथपर्यंत कोंबायची, जखम गच्च भरेपर्यंत भरत राहायची, मग कोपर ताठ ठेवून अंगाचा भार टाकायचा. थांबलं का म्हणून उचलून पाहायचं नाही. धरलेली गुठळी तिथेच सुटते. थोडक्यात, एकदा मूठ ठेवली की ठेवणारा अडकला.

अपघाताची नोंद घ्यायला आलेल्या पोलिसाने त्या मूठवाल्याला ओळखलं. तुरुंगातून पळालेला कैदी. हे सगळं तो तुरुंगाच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून शिकला होता. (पुढे वरच्या कोर्टात तो निर्दोष सुटला, अंधारात एकाच साक्षीदाराने केलेली ओळख टिकली नाही. पळून जाण्याचा गुन्हा मात्र वेगळा, मूळ शिक्षा रद्द झाली म्हणून तो आपोआप पुसला जात नाही.)

पोलिसाने दंड धरला. मी म्हटलं, "साहेब, दोन मिनिटं. हा हात निघाला तर पेशंट जाईल."

हात बदलायची रीत ठरलेली आहे. नवी मूठ जुन्या मुठीवर ठेवायची, भार द्यायचा, मग खालच्याने हात सावकाश सरकवून काढायचा. भार क्षणभरही सुटता कामा नये. आम्ही तसंच केलं. त्याची बोटं आखडली होती, मूठ उघडेना. बेडी पडत असताना तो म्हणाला, "आत एकच तुकडा आहे, डॉक्टर. टोक बाहेर ठेवलंय."

ही माहिती अनुभवी माणूसही घाईत द्यायला विसरतो. आत किती तुकडे गेले हे कळलं नाही तर एखादा राहून जातो आणि जखम पिकते.

थिएटरमध्ये सर्जनने टोक धरून ओढलं. खरंच एकच निघाला, शर्टाची अख्खी बाही. मनगटाचं बटण आधीच तोडून टाकलेलं होतं.