वादळानंतर दिवेआगरला वाड्या साफ करायला निघताय? आधी हे वाचा

जुने कपडे, बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या भरून कुणीही दिवेआगर-श्रीवर्धनकडे निघू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर चढलं, आणि हे सगळं त्यानंतरच्या साफसफाईच्या दिवसांतलं आहे. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, आणि एका दुपारीत पिढ्यांनी शिंपलेल्या माड-पोफळीच्या (नारळ-सुपारीच्या) वाड्या आडव्या झाल्या. मदतीच्या कपड्यांचे ढीग आम्ही पडवीत भिजून कुबट झालेले पाहिले. इथे हवी होती ती वजन उचलणारी माणसं, आणि त्यांनी आपलं हत्यार आपण आणायचं.

पुण्याहून निघण्याआधी आम्हाला फोनवर दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या: रस्ता मोकळा झालाय, आणि झाडं कापायचे कटर तिथेच भाड्याने मिळतात. पहिली अर्धी खरी निघाली, दुसरीने आमचा खिसा कापला.

ताम्हिणी, निजामपूर, माणगाव इथवर सांगण्यासारखं काही नाही. साई सोडलं की म्हसळ्यापर्यंत आणि तिथून बोर्ली पंचतनपर्यंत ‘मोकळा’ म्हणजे तेव्हा एका गाडीपुरती वाट. विजेचे खांब रस्त्यावर झुकलेले, तारा लोंबणाऱ्या, वळणावर अर्धवट छाटलेला आंबा. टपावर शिडी बांधलेला टेम्पो तारांत अडकतो, आमचा दोनदा अडकला. सामान टपाच्या वर जाऊ देऊ नका आणि अंधार पडल्यावर हा टप्पा करूच नका. डिझेल, कटरचं पेट्रोल, रोख पैसे, सगळं माणगावातच घ्या. आम्ही गेलो तेव्हा गावात वीज नव्हती, फोनला रेंज कधी यायची कधी जायची. तेव्हा करोनाची टाळेबंदी होती, प्रवासाला ई-पास लागायचा, आणि गावकऱ्यांच्या घरात झोपायला जायचं नव्हतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाची त्यांना भीती वाटायची, आणि ती रास्त होती.

आता कटर. भाड्याचा कटर चालवणाऱ्यासकट येतो. आमच्याशी भाव ठरला झाडामागे. संध्याकाळी हिशेब आला तुकड्यामागे! एका माडाचे आठ तुकडे, म्हणजे आठ झाडांचे पैसे. ज्या काकूंच्या वाडीत काम चाललं होतं त्या मध्ये पडल्या नसत्या तर हाणामारीच झाली असती. पडलेल्या गावात असा धंदा करणाऱ्याला माझ्याकडून क्षमा नाही. भाव दिवसाचा ठरवा, पेट्रोल आणि साखळीचं तेल त्यातच धरा, कागदावर लिहून घ्या आणि आगाऊ निम्म्यावर एक पैसा देऊ नका. त्याहून बरं म्हणजे कटर पुण्याहूनच न्या. जास्तीच्या साखळ्या आणि गोल कानस विसरू नका. माडाचं जून लाकूड आणि त्यात बसलेली वाळू साखळीची धार बघता बघता घालवते.

पण कापणं हे काम नव्हेच. काम आहे ते ओढून बाहेर काढणं, आणि हे कुणीच सांगत नाही. इथली वाडी म्हणजे रस्त्यालगत घर आणि घरामागे समुद्राच्या दिशेने गेलेली लांब चिंचोळी पट्टी. बाहेर पडायला घराच्या कुशीतून एकच बोळ, दोन्हीकडे चिऱ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, खाली शेवाळ. जेसीबी आत घालायचा तर गडगा फोडावा लागतो, आणि तो बांधून देणारं कुणी नाही. म्हणजे सगळं खांद्यावरून. ओल्या माडाचा सहा फुटी ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो. आम्ही पहिल्या दिवशी सहा फुटी कापले आणि दुपारी चौघांच्या पाठी धरल्या. तीन फुटांच्या वर कापू नका. पोफळीचे गोल तुकडे रुळासारखे खाली टाका आणि दोराने ओढा; बोळातली चढण तेवढी खांद्यावर घ्या. त्या बोळात मी जितका घाम गाळला तितका कुठल्या किल्ल्यावर गाळला नाही. एक वाडी निम्मी मोकळी झाली आणि विहिरीकडे जायची वाट पुन्हा दिसली, तेव्हा आम्ही सगळे वेड्यासारखे ओरडलो.

मुळासकट उपटलेला माड बुंध्याशी कापताना मुळांचा गड्डा झटक्यात मागे उभा राहतो. खड्ड्याच्या बाजूला माणूस असेल तर तो गाडलाच जाईल. वाकून ताणात अडकलेली पोफळ कापली की कोयतीसारखी उसळते. शिकाऊ हातात कटर देऊ नका, अजिबात नाही. झावळ्यांच्या ढिगाखाली फुरसं, हा विषारी साप, असू शकतं. हात घालण्याआधी काठीने उचला. गमबूट, चामड्याचे हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच या. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो.

पंचनामा झाल्याची खात्री मालकाकडून करून घ्या आणि प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, मगच पहिला घाव घाला. तलाठ्याने बघण्याआधी तुम्ही वाडी साफ केलीत तर नुकसान मालकाचं. भरपाई आधीच तुटपुंजी: २०२० मध्ये बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले होते. ऐकायला बरं वाटतं. पण इथे जमीन गुंठ्यात मोजतात, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. गुंठ्यात पोफळी निदान तेरा धरा, एका झाडाचे चाळीस रुपयेही होत नाहीत. त्याच्यावर चढलेली मिरवेल, खालचं जायफळ हिशेबात नव्हतंच. श्रीवर्धनी रोठा या इथल्या सुपारीच्या जातीची पोफळ लावल्यापासून हाताशी यायला पाच-सात वर्षं जातात. काकूंनी हा हिशेब मला बोटांवर करून दाखवला. मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून एकही झाड मालकाला विचारल्याशिवाय कापू नका. कलला असला तरी मुळं मातीत असलेला कोवळा माड आधार देऊन वाचू शकतो. काकूंनी असे काही राखायला लावले आणि आम्ही टेकू दिले.

जे पडलंय ते मात्र आत कुजत ठेवून चालणार नाही. माडाच्या कुजक्या खोडात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि मग उरलेल्या माडांचे कोंब पोखरतो. पाऊस लागला की जाळता येत नाही. ओंडके वाडीबाहेर काढणं हाच उपाय, आणि ते कुठे रचायचे हे ग्रामपंचायतीला आधी विचारा. आमच्यानंतर आलेल्या एका गटाने सगळं गटारावर टाकलं आणि पाणी शेजारच्या घरात शिरलं.

सुरुवातीच्या कापाकापीनंतर जाणाऱ्यांनी कटरपेक्षा फावडी आणि घमेली जास्त न्यावीत. शिंपणाचे पाट झावळ्या आणि रेतीने बुजले होते, विहिरींत पाचोळा कुजून पाण्याला वास मारत होता. आणि पोफळीची रोपं वाटायची घाई नको. वरची सावली गेली की उघड्या उन्हात रोप करपतं. आधी केळ लावावी लागते. गाडीत जागा उरली तर कपड्यांऐवजी केळीचे चांगले मुनवे (लावायचे कोंब) भरा, कुठली जात हवी ते मालकाला फोन करून विचारा, आणि फोन लागेपर्यंत लावत राहा.