बाराशे रुपये लिहायला लागलेले बारा दिवस

किंमत म्हणजे नुसते आकडे, आणि तेही इंग्रजी. रुपयाचं चिन्ह नको, स्वल्पविराम नको, शेवटची तिरकी-आडवी रेघ नको. आंब्याच्या वेबसाइटवर स्कीमा, म्हणजे पानावर काय आहे ते सर्च इंजिनला सांगणारा कोड, घालायला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ऐन मार्चमधले बारा दिवस त्यात गेले.

आमची आंब्याची कलमं रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ. पेट्या दलालाकडे न देता थेट गिऱ्हाइकाला पाठवायच्या म्हणून मराठी वेबसाइट केली. पान वाचून माणसाला सगळं कळतं, पण त्यातला 'बाराशे' हा डझनाचा दर आहे की बागेतली झाडं, हे सर्च इंजिनला ठरलेल्या शब्दांत सांगावं लागतं. ते शब्द स्कीमा डॉट ऑर्गवर मिळतात. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून ते सुरू केलं. ते पानात लिहायच्या तीन पद्धती: मायक्रोडेटा, आरडीएफए किंवा जेसन-एलडी. पहिल्या दोन पद्धती पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या कोडने बनतं त्यातच गुंफाव्या लागतात, जेसन-एलडीचा तुकडा वेगळा राहतो आणि पानाला धक्का लागत नाही. तोच घ्या. पुण्याच्या भाचीने नमुना पाठवला, नाव, फोटो, वर्णन अर्ध्या तासात भरून झालं.

किंमतीवर मात्र गाडी अडली. मी पानावर लिहितो तसंच लिहिलं होतं, रुपयाचं चिन्ह, १,२००, पुढे रेघ. तपासणीच्या साधनात टाकलं तर लाल खूण: किंमत वैध नाही. का नाही, ते काही लिहिलेलं नाही. चिन्ह काढलं, रेघ काढली, स्वल्पविराम काढला. लाल खूण तशीच. घरात रेंज नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी लॅपटॉप घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं, उन्हात उभं राहून तपासायचं आणि परत यायचं. मधल्या काळात पहिला आंबा आढीत पडला, फोनवर दर विचारणारे विचारत होते. एकदा तर सगळा तुकडाच वाचता येत नाही असं आलं. मी तो लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट मांडायला घेतला होता आणि तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी झाली होती. तेव्हा कोड साध्या नोटपॅडमध्येच ठेवा.

बाराव्या दिवशी भाचीला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "मामा, आकडे मराठीत आहेत ना!"

स्कीमा डॉट ऑर्गवर किंमतीच्या व्याख्येत हा नियम स्वच्छ लिहिलेला आहे. शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच, त्यांच्यासारखी दुसरी चिन्हं नकोत, दशांशाला टिंब. चलन वेगळ्या रकान्यात, आपलं आयएनआर. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. जगभरच्या यंत्रांना एकच खूण हवी, हे पटतं. पण चूक दाखवणाऱ्याने 'आकडे बदला' एवढे दोन शब्द लिहायला काय हरकत होती? मराठीत वेबसाइट करणारा माणूस मराठीच आकडे टंकणार, हे ते साधन बनवणाऱ्या कुणाच्या मनातच आलेलं नाही. मला राग आहे तो याचा.

आकडे बदलले आणि हिरवी खूण आली. सड्यावर एकटाच होतो, तरी मोठ्याने हाक मारावीशी वाटली. काही दिवसांनी शोधात आमच्या नावाखाली दर दिसू लागला. तो दिसेलच अशी हमी नसते, नियम पाळले तरी दाखवायचं की नाही हे सर्च इंजिन ठरवतं. आणि कोडमधला दर पानावरच्या दरापेक्षा वेगळा ठेवू नका.

तारखेचंही तसंच आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, आणि आकडे इंग्रजी. पानावर मी अजून '१२०० रुपये डझन' असंच लिहितो. ते बदलायची गरज नाही.

आंबा संपला की 'आंबा संपला' एवढं पानावर लिहून भागत नाही, कोडमधला उपलब्धतेचा रकानाही 'आउट ऑफ स्टॉक' करावा लागतो. मी मागच्या मे महिन्यात विसरलो, आणि पाऊस लागल्यावरही दोन जणांनी पेटी मागितली.