कंपोझरच्या रकान्यात काय लिहायचं?

आधीच सांगते, अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळवणं हा अवघड भाग नव्हता. कॉमन अ‍ॅप (अनेक विद्यापीठांसाठी एकच ऑनलाइन अर्ज), निबंध, रेकॉर्डिंग, बीकेसीतली व्हिसाची मुलाखत, यातलं मला आता धड आठवतही नाही. अडलं ते तिथे पोचल्यावर, एका पानाच्या फॉर्मपाशी. वर्ष उलटलं तरी त्याचं नाव काढलं की डोकं फिरतं.

मी मिरजेची. दुसरीत असल्यापासून बाईंकडे ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं, शिकतेय, बारावीच्या आधी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद प्रथम ही परीक्षा झाली होती. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा लिबरल आर्ट्स विद्यापीठात संगीत हा मेजर विषय घेऊन बी.ए. करायचं ठरवलं. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये साधारण दोन तृतीयांश अभ्यास संगीताचा असतो. बी.ए.त तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, बाकी अर्थशास्त्र घ्या नाहीतर जीवशास्त्र. मला तेच हवं होतं.

मेजरसाठी दर सत्रात गळ्याचे किंवा वाद्याचे वैयक्तिक धडे घ्यावे लागतात, त्यांना अप्लाइड लेसन्स म्हणतात. कॅम्पसवर ऑपेराचं गाणं शिकवणारे दोघे, ख्याल शिकवणारं कुणीच नाही. पण नियमात लिहिलेलं होतं की विभागाने परवानगी दिली तर बाहेरचा शिक्षक चालेल. म्हणजे माझ्या बाई, ऑनलाइन. फक्त एक फॉर्म भरायचा.

रकाना पहिला: शिक्षकाची सर्वोच्च पदवी. बाई मॅट्रिक आहेत, आणि त्यांनी गुरूंच्या घरी २२ वर्षं तालीम घेतलीय. मी तेच लिहिलं. फॉर्म परत आला, पदवीवर लाल गोल. पुढचा तक्ता रचनांचा: कंपोझर, शीर्षक, ओपस क्रमांक (पाश्चात्त्य संगीतकाराच्या रचनेचा अनुक्रमांक), कालावधी. यमनच्या बड्या ख्यालापुढे मी कंपोझर म्हणून सदारंग या जुन्या ख्यालरचनाकाराचं नाव लिहिलं, कारण बंदिशीत त्याची मुद्राच, म्हणजे शब्दांत गुंफलेलं नाव, आहे. छोट्या ख्यालात कुणाचीच मुद्रा नाही, तिथे ‘पारंपरिक’ लिहिलं. ओपसपुढे रेघ मारली. कालावधी: २० ते ४० मिनिटं. परत आला. ‘कृपया एकच आकडा लिहावा.’ मी हसले, मग खोलीवर जाऊन रडले.

तिसऱ्यांदा अडला तो हिशेब कार्यालयात. बाईंना मानधन द्यायचं तर डब्ल्यू-८ बीईएन नावाचा कर-फॉर्म हवा. फोन लावला.

‘अगं, मी मिरजेत बसून अमेरिकेचा कर कशाला भरू?’

‘बाई, तुम्ही तिथल्या नाही हे सांगण्यासाठीच तो फॉर्म आहे.’

‘मी तिथली नाही हे त्यांना दिसत नाही का?’

शेवटी नातवाने भरून दिला. परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन टाकायचा, हे त्यालाच शोधावं लागलं. बाईंनी नेहमीसारखी मराठीत सही केली, आणि कार्यालयाने कळवलं की सही आणि नाव जुळत नाही. नातू परत प्रिंट काढायला गेला. तोवर विषय घेण्या-सोडण्याची दोन आठवड्यांची मुदत संपली. मग उशिराचा विनंती अर्ज, त्यावर डीनची सही, आणि डीन परगावी.

यातून सोडवलं विभागाच्या ऑफिसातल्या एका बाईंनी. त्या म्हणाल्या, रकान्यांशी भांडू नकोस, एथ्नोम्युझिकॉलॉजीच्या (जगभरच्या संगीतपरंपरांच्या अभ्यासाच्या) प्राध्यापकांकडून एक पत्र आण की ही तालीम पदवीच्या तोडीची आहे. पत्र तीन दिवसांत मिळालं आणि फॉर्म त्याच दुपारी मंजूर. हे पत्र मे-जूनमध्येच, घरी बसून ईमेलवर मागा. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

हो, आणि जाण्याआधी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिका, खालच्या स्वरांच्या बेस क्लेफसकट. आपली भातखंडे स्वरलिपी मी भराभर वाचते, कोमलखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी, पण थिअरीच्या प्लेसमेंट परीक्षेत ती कुणी विचारत नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या थिअरीच्या पाचव्या ग्रेडएवढी तयारी पुरे. कानाच्या परीक्षेत मात्र आपण तरतो. ‘डो’ (त्यांचा सा) सरकतो, म्हणजे कुठल्याही पट्टीत धरता येतो, म्हटल्यावर बाकीची मुलं गडबडली. आपला सा तर जन्मापासून सरकतोय.

अप्लाइड लेसन्सची फी वेगळी लावतात का, मेजर केल्यावर माफ होते का, हेही आधीच विचारून ठेवा.

शिकवणी ठरली मिरजेतल्या सकाळी ७ ला, म्हणजे माझ्या रात्री ९:३० ला. बाई ताज्या आवाजात सकाळचा राग तोडी सांगायच्या आणि मी जांभया देत गायचे. रागाच्या समयाचं काय, विचारलं तर म्हणाल्या, ‘शिकवणाऱ्याची सकाळ धर.’ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे गेली. त्यांचे ७ म्हणजे माझे ८:३०, आणि त्या वेळेला माझी कॉयरची तालीम. ‘घड्याळ बदलतं म्हणजे काय?’ हे समजावण्यात एक अख्खा धडा गेला.

सत्राअखेर ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर १० मिनिटं गायचं. एवढ्यात आलाप तरी होईल का, म्हणून मी कुरकुरले. बाई म्हणाल्या, ‘याच गावात राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तबकडीवर तीन-तीन मिनिटांत राग गायलाय. तुला १० मिळतायत.’

ज्युरीच्या कागदावरही कंपोझरचा रकाना होताच. सदारंग लिहिलं, सालाच्या जागी अठरावं शतक, कालावधीत १०. या वेळी कुणी परत पाठवला नाही.