लाउंड्स कौंटीतला पँथर

सेल्मा गाव मागे टाकून अलाबामा नदीवरचा पूल ओलांडला की ऐंशी क्रमांकाचा महामार्ग पूर्वेला माँटगोमेरीकडे निघतो. पुलापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर भाचीने गाडी कडेला घेतली आणि मी पाय मोकळे करायला खाली उतरलो. रात्री पाऊस होऊन गेला होता. दोन पावले टाकली तोच उजवा बूट रुतला आणि उपसून काढला तेव्हा तळव्याला बोटभर जाडीचा काळा, चिवट गोळा चिकटून आला. अकोला जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ही माती ओळखायला पाटीची गरज नव्हती. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि मधल्या काळात बैलांची आणि माणसांची परीक्षा पाहते. "मामा, बूट झटकून ये," भाची आतून म्हणाली. तिचे सगळे आयुष्य पुण्यात आणि नंतर अटलांटात गेलेले असल्यामुळे ही माती झटकून जात नाही, खरवडावी लागते, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या मातीमुळेच अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या मधल्या भागाला 'ब्लॅक बेल्ट' म्हणजे काळा पट्टा हे नाव पडले. माती काळी म्हणून कापूस आला, कापूस आला म्हणून गुलाम आणले गेले, आणि पुढे तेच नाव तिथल्या काळ्या वस्तीलाही चिकटले. आपल्याकडे वऱ्हाडच्या कापसाच्या भरभराटीचा अभिमानाने उल्लेख होतो तेव्हा एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना सरकीसुद्धा दिसेनाशी झाली, आणि तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर खामगाव आणि अमरावतीकडे वळली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. आमच्या आजोळच्या वाड्याचा पाया त्या चार वर्षांच्या पैशातला, असे आजी सांगत असे. तो पैसा कोणत्या शेतातला कापूस अडकून पडल्यामुळे आला, हे मला साठी उलटल्यावर, त्या शेताच्या बांधावर उभे राहून उमगले.

आम्ही गेलो ते २०२५ च्या मार्च महिन्यात, सेल्माच्या साठाव्या स्मृतिदिनाची गर्दी ओसरल्यानंतर. सेल्माबद्दल मी येथे थोडक्यातच लिहितो, कारण त्या पुलाची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे ६०० लोकांना राज्याच्या पोलिसांनी या पुलापलीकडे लाठ्यांनी आणि अश्रुधुराने झोडपले. पुढे न्यायालयाची परवानगी आणि केंद्राच्या फौजेचे संरक्षण मिळाल्यावर २१ मार्चला मोर्चा पुन्हा निघाला आणि ८७ किलोमीटर चालून २५ तारखेला माँटगोमेरीला पोहोचला. पुलाच्या कमानीवर आजही एडमंड पेटस हे नाव ठळक अक्षरांत आहे. हे गृहस्थ दक्षिणेच्या फौजेचे सेनानी, नंतर अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य. नाव बदलावे की ठेवावे यावर तिथे वाद चालू असतो. मोर्च्यात डोके फुटलेल्या जॉन लुईस यांनीच नाव बदलायला विरोध केला होता, हे कळल्यावर माझे तयार मत जरा डळमळले.

मला खरी ओढ होती ती सेल्मा आणि माँटगोमेरी यांच्या मधल्या मुलखाची, लाउंड्स कौंटीची (कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा). मोर्चा या कौंटीतून गेला तेव्हा रस्ता दुपदरी होता आणि न्यायाधीशांच्या आदेशाप्रमाणे त्या भागात फक्त ३०० जणांनी चालायचे होते. १९६५ च्या आरंभी या कौंटीत दर पाच माणसांत चार काळी होती, आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. गोऱ्यांची नावे मात्र यादीत इतकी होती की मतदानाला पात्र असलेल्या गोऱ्यांची संख्या त्याहून कमी भरत असे. मेलेल्यांना मतदान करू देणारे गाव आपल्यालाही नवे नाही. पण येथे मेलेल्यांची नावे यादीत राहत होती आणि जिवंतांची चढत नव्हती.

मोर्चा पुढे गेला, वार्ताहर पुढे गेले, पण 'स्निक' या विद्यार्थी संघटनेचे स्टोकली कारमायकेल आणि त्यांचे काही सहकारी मागे राहिले. रस्त्याच्या कडेला मोर्चा पाहायला आलेल्या लोकांची नावे-पत्ते त्यांनी टिपून घेतले होते, आणि त्याच टिपणांवरून ते घरोघर गेले. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि नोंदणी सुरू झाली, तेव्हा कौंटीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारीची रक्कम ५० डॉलरवरून ५०० डॉलर केली. त्या पक्षाच्या चिन्हावर पांढरा कोंबडा होता आणि कोंबड्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. अशा पक्षात जाऊन भीक मागण्यापेक्षा आपलाच पक्ष काढावा, असे जॉन ह्युलेट यांच्यासारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी ठरवले. मतदारांपैकी पुष्कळांना वाचता येत नसल्यामुळे अलाबामाच्या कायद्याप्रमाणे मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचे चित्र असणे आवश्यक होते. कोंबड्यासमोर कोणता प्राणी उभा करायचा, हा प्रश्न होता. अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या संघाचे चिन्ह पँथर होते. त्यावरून झेप घेणारा काळा पँथर काढला गेला. हा प्राणी दाबत नेले तर मागे सरत जातो, पण कोपऱ्यात कोंडला की जिवाच्या करारावर उलटतो, असा त्याचा अर्थ ह्युलेट सांगत असत.

म्हणजे पँथर हे मुळात निवडणूक चिन्ह होते. हत्ती, बैलजोडी, दिवा अशा चिन्हांवर शिक्के मारत ज्यांची हयात गेली त्या आपल्या लोकांना ही गोष्ट अमेरिकनांपेक्षा चटकन कळेल. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत हत्ती घेतला होता, तोही याच कारणाने, अक्षर न येणाऱ्या बोटाला जागा सापडावी म्हणून. लाउंड्सचे हे चित्र १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या 'ब्लॅक पँथर' पक्षासाठी उचलले, तिथून ते जगभर गेले, आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी 'दलित पँथर' स्थापन केली तेव्हा मराठीत उतरले.

मी शाळेत असताना आमच्या गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीत एका भिंतीवर गेरूने 'पँथर' असे लिहिलेले होते. त्या वयात मला हा शब्द सर्कशीतला वाटला. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "तू तिकडून जात जाऊ नको." एवढेच. आमच्या शेतावरचा सालगडी त्याच वस्तीतला होता आणि त्याने बांधलेल्या पेंढ्यांवर मी उड्या मारलेल्या होत्या, पण त्याच्या घराचे दार कोणत्या दिशेला आहे हे मला माहीत नव्हते.

व्हाइट हॉल या खेड्याजवळ महामार्गालगत राष्ट्रीय उद्यान विभागाचे एक माहिती केंद्र आहे. ते ज्या जागी आहे तिथे १९६५ च्या डिसेंबरपासून तंबूंची वसाहत होती. मतदार म्हणून नाव नोंदवले एवढ्याच कारणावरून जमीनमालकांनी बटईदारांना पिढ्यान्पिढ्या राहत असलेल्या झोपड्यांतून बाहेर काढले. या लोकांनी रस्त्याकडेच्या जागेवर तंबू ठोकले आणि त्यांतली काही कुटुंबे दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिली. रात्री जाणाऱ्या गाड्यांतून तंबूंवर गोळ्या झाडल्या जात, म्हणून ते आळीपाळीने बंदुका घेऊन पहारा करत. आपल्याकडे यालाच सामाजिक बहिष्कार म्हणतात: पाणी तोडायचे, काम तोडायचे, किराणा बंद करायचा. तपशील इतके सारखे होते की मी एका फलकासमोर जरा जास्त वेळ थांबलो. तिथल्या रेंजरने कुठून आलात असे विचारले. मी त्याला मुंबईच्या पँथरबद्दल सांगितले. त्याने खिशातून पेन काढून एका माहितीपत्रकाच्या पाठीवर 'बॉम्बे, १९७२' असे लिहून घेतले आणि ढसाळांच्या नावाचे स्पेलिंग दोनदा विचारले.

८ नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत पँथरचे सातही उमेदवार पडले. मालकांनी आपल्या मजुरांना ट्रकमध्ये भरून आणून कोंबड्याला मत द्यायला लावले होते. चार वर्षांनी, १९७० मध्ये, जॉन ह्युलेट कौंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, झाले.

त्याच रस्त्याच्या कडेला, चढावर, कुंपणात एक दगड उभा आहे. व्हायोला लिउझो या डेट्रॉइटच्या गोऱ्या गृहिणीला, पाच मुलांच्या आईला, मोर्चेकऱ्यांना गाडीने पोहोचवत असताना २५ मार्च १९६५ च्या रात्री कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या माणसांनी येथे गोळी घातली. कुंपण का, तर पूर्वी कोणीतरी दगडावर दक्षिणेच्या फौजेचा झेंडा रंगवून ठेवला होता.

जेवणाच्या वेळेनंतर आम्ही मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटांनी हेनव्हिलकडे निघालो. एका वळणावर वास आला. फिरत्या घराच्या मागच्या भिंतीतून एक पांढरा प्लॅस्टिकचा पाइप बाहेर आला होता आणि वीसेक हातांवर, झाडांच्या कडेच्या चरात उघडा संपत होता. चरात पाणी साचलेले, त्यावर हिरवट साय, आणि जवळच मुलाची तीनचाकी सायकल. शोषखड्डा या मातीत चालत नाही, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. आमच्याकडेही पावसाळ्यात संडासाची टाकी भरून वर येते, कारण काळी माती पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही. येथे चालेल अशी उंच भरावाची व्यवस्था करायला हजारो डॉलर लागतात आणि गटाराची लाइन या विखुरलेल्या घरांपर्यंत आलेली नाही. मग लोक पाइप टाकतात. आणि पाइप टाकला म्हणून राज्याचा आरोग्य विभाग त्यांनाच दंडाच्या आणि खटल्याच्या नोटिसा देत असे. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फिलिप ॲल्स्टन हे पाहायला येथे येऊन गेले. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या न्याय विभागाने राज्याशी करार केला: नोटिसा थांबवायच्या आणि सांडपाण्याची सोय लावायची. त्यामागची चौकशी नागरी हक्काच्या कायद्याखालची होती. साठ वर्षांपूर्वी मताच्या पेटीवरून सुरू झालेले भांडण संडासाच्या पाइपापर्यंत आले होते, आणि मला त्यात उतरती कळा दिसली नाही. आमच्या गावातही हक्काची भाषा शेवटी पाण्याच्या नळाशी आणि मोरीशीच येऊन थांबते.

संध्याकाळी माँटगोमेरीच्या टेकडीवरचे स्मारक पाहिले. झुंडबळींच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये ते उभे राहिले. ८०० हून अधिक गंजक्या पोलादी ठोकळ्यांवर, प्रत्येक कौंटीसाठी एक, ४,४०० हून अधिक नावे कोरली आहेत. आत शिरताना ठोकळे डोळ्यांच्या उंचीवर असतात, जमीन उतरत जाते आणि शेवटी ते डोक्यावर लोंबू लागतात. मी लाउंड्सचा ठोकळा शोधला. भाची तोपर्यंत बाहेर बाकावर जाऊन बसली होती.

परतीच्या वाटेवर ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, अटलांटात घर घेताना सगळ्यांनी मला सांगितलं होतं, त्या भागात नको. मी विचारलंसुद्धा नाही, का." आपल्या लोकांच्या दिवाणखान्यांतून हे वाक्य मी यावेळी तीन वेळा ऐकले होते, चकली खाता खाता. या लोकांना अमेरिकेचे दार मोकळे करणारा स्थलांतराचा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ चा, म्हणजे मतदान हक्काच्या कायद्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. त्याच चळवळीने हलवलेल्या संसदेने केलेला. ज्यांच्या डोकी फुटण्यातून ते दार उघडले, त्यांच्याच वस्तीबद्दलचा हा सल्ला होता. मी तिला भिंतीवरच्या गेरूची गोष्ट सांगितली.

एप्रिलच्या सुरुवातीला मी अकोल्याला परतलो. ११ तारखेला महात्मा फुल्यांची जयंती. चौकातल्या कार्यक्रमात एका वक्त्याने आठवण करून दिली की १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केला होता, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा संदेश आला. ११ एप्रिललाच वॉशिंग्टनमध्ये न्याय विभागाने लाउंड्सचा तो करार रद्द केल्याचे जाहीर केले होते. असले करार म्हणजे वंशाच्या चष्म्यातून पाहणे, अशी कारणमीमांसा होती, आणि ती देणाऱ्या हरमीत ढिल्लों या अधिकारी चंदीगडला जन्मलेल्या आहेत. संदेशाखाली भाचीने आम्ही पाहिलेल्या त्या वळणाचा नकाशा जोडला होता. तिकडे पाऊस सुरू झाला का, एवढेच मी तिला विचारले.