शिट्टी उचलली आणि...

परवा घाईत तूरडाळ डब्यात न लावता थेट कुकरमध्येच टाकली. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, पण वाफ जिरायला धीर कुणाला? उलथन्याच्या टोकाने शिट्टी उचलली. आधी फुस्स, मागोमाग पिवळी पिचकारी. ओटा, फरशा, मिक्सर, भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशीसुद्धा हळदीत न्हाली.

गॅस तर बंद होता, मग डाळ उसळली कशाने? दाब उतरल्याने. १२० अंशांवरचं पाणी दाबाखाली निमूट असतं. दाब गेला की जास्तीची उष्णता पाण्याच्या पोटातच वाफ करते आणि ती वाफ डाळीला सोबत घेऊनच निघते.

न्यूझीलंडमधलं वैराकेईचं वीजकेंद्र जमिनीखालच्या कढत पाण्यातून वीज काढतं आणि १९५८ पासून याच गोष्टीवर चालतं. नुसत्या दहा मीटर पाण्याखाली कुकरएवढा दाब असतो. शेकडो मीटर खाली तर अडीचशे अंशांचं पाणीही पाणीच राहतं. विहिरीच्या पाइपातून ते वर येऊ लागलं की डोक्यावरचं ओझं घटतं आणि एका खोलीवर बुडबुडे सुटतात. आणखी वर वाफेचे गोळे, मग मधोमध वाफेचा झोत आणि पाणी पाइपाच्या कडेने फरपटत. वाफेमुळे वरचा स्तंभ हलका झाला की खालचं पाणी आणखी जोराने रेटतं. थंड पडलेली विहीर मात्र हटून बसते. मग आत हवा सोडून तिचा भार हलका करतात. हातपंपाला तांब्याभर पाणी पाजावं तसं. एकदा सुरू झाली की आपली आपण वाहते.

गंमत म्हणजे अडीचशे अंशांचं पाणी उघड्यावर आलं, तरी वजनाने जेमतेम तीस टक्क्यांची वाफ होते. पण ती सोळाशे पटींहून जास्त फुगते, म्हणून डोळ्यांना नुसती वाफच दिसते. टर्बाइनला पाण्याचे थेंब सोसत नाहीत. म्हणून आधी सगळं एका उभ्या टाकीत गरगर फिरवतात. पाणी कडेला फेकलं जातं, वाफ तेवढी पुढे जाते.

काही विहिरींत उकळी फुटते नेमक्या त्या खोलीवर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि पाइपाला चुन्याचा थर धरतो. आपल्या बाथरूममधल्या गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. (गीझर हा शब्दही आइसलंडमधल्या गेसिर नावाच्या झऱ्याचा.) विहीर तुंबलीच, तर पुन्हा ड्रिल घालून ती मोकळी करावी लागते.

माझ्या शिट्टीच्या भोकातही डाळ बसली होती. मी सुई घेतली. आमटीचा बेत रद्द. उरलेल्या डाळीचं घट्ट वरण केलं.