‘इथे पाहा’ म्हटलं की तिथे काहीतरी हवं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या एकोणीस विहिरी एका संध्याकाळी अरबी समुद्रात जाऊन पडल्या. ग्रामपंचायतीसाठी मी विहिरी, नाले आणि पांदण रस्त्यांचा नकाशा करत होते. विहिरींची यादी यवतमाळहून आलेली, आकडे मीटरमधले. फाइल उघडली, टिंबं उमटली, पण दमणच्या पश्चिमेला भर पाण्यात. बाबा बाजूला तूर निवडत बसले होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, “अवं, आपली विहीर समुद्रात कायले जाईन?”

७८ पूर्व हा रेखांश आमच्या जिल्ह्यातून जातो. जागा मीटरमध्ये मोजायच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात, आणि प्रत्येक पट्ट्याचं मोजमाप वेगळं असतं. या रेखांशाच्या पश्चिमेचा भाग ४३व्या पट्ट्यात येतो, पूर्वेचा, यवतमाळ शहर धरून, ४४व्या. यादी ४४व्या पट्ट्यात मोजलेली होती. आमचं गाव ४३व्यात, म्हणून मी ४३ निवडला. सहा अंशांचा फरक पडला, म्हणजे सव्वासहाशे किलोमीटर. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी हातात होतं ते नकाशाच्या मुक्त सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं याची माहिती, आणि त्यात नेमकं वाक्य होतं : ‘तुमचं क्षेत्र दोन पट्ट्यांत विभागलं जात असेल तर काय करावं, ते इथे पाहा.’ दाबलं, तर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही.

नेटवर्क गेलं असेल म्हणून मी मोबाइल घेऊन स्लॅबवर गेले. पुन्हा तेच. दोन दिवस वाटत राहिलं की आपल्यालाच काहीतरी जमत नाहीये. शेजारी विचारायला कोणी नसलेल्या माणसाला मेलेली लिंक अशीच दिसते, स्वतःच्या चुकीसारखी. पुढचे चार महिने मी अशा मेलेल्या लिंका दुरुस्त करण्यात घातले ते एवढ्याचसाठी.

ती एक लिंक लावणं सोपं गेलं. पानाचं शीर्षक शोधलं, तेच पान नव्या पत्त्यावर सापडलं, पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवली, दोन दिवसांत मर्ज झाली, म्हणजे बदल घेतला गेला. मग वाटलं, बाकीच्यांचं काय?

हे डॉक्युमेंटेशन स्फिंक्स नावाच्या साधनाने बांधलेलं आहे. त्यात ‘मेक लिंकचेक’ म्हणून आज्ञा आहे. ती प्रत्येक बाहेरच्या पत्त्यावर जाऊन येते आणि कुठली लिंक नीट, कुठली दुसरीकडे वळवलेली, कुठली तुटलेली याची यादी देते. रात्री अकरानंतर आमच्याकडे नेट जरा धावतं, तेव्हा ती लावून झोपायचे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मांडलं होतं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नाहीत. आमची यादी बघून तो आकडा मला खरा वाटला. २०१६ मध्ये बंद झालेल्या गूगल कोड या सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवायच्या संकेतस्थळावरची पानं त्यात होती. सरकारी खात्यांची नावं बदलली तसे बदललेले पत्तेही होते. केंद्राचा माहिती तंत्रज्ञान विभाग २०१२ मध्ये नव्या नावाचा झाला, २०१६ मध्ये मंत्रालय झाला, आणि दर वेळी पत्त्यातलं नावही बदललं.

पहिली चूक माझ्याकडून इथे झाली. वळवलेल्या सगळ्या लिंका मी एका स्क्रिप्टने बदलून टाकल्या, जिथे वळवलं तो पत्ता थेट लिहून. सर्व्हर ३०१ हा आकडा देतो म्हणजे पत्ता कायमचा बदलला, तिथे हे ठीक. पण काही पत्ते मुद्दामच वळवणारे असतात. असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहबवर पत्त्यात ‘रिलीजेस’च्या पुढे ‘लेटेस्ट’ लिहिलं की त्या दिवशीची ताजी आवृत्ती उघडते. मी तिथे त्या दिवशीचा आवृत्ती क्रमांक पक्का करून ठेवला होता. वर्षाने वाचणाऱ्याच्या हाती जुनीच आवृत्ती पडली असती. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने ते पकडलं आणि एकच सांगितलं : प्रकरणागणिक वेगळी पुल रिक्वेस्ट दे, म्हणजे कोणीतरी वाचेल तरी. ते योग्यच होतं. दीडशे ओळींचा बदल कोणी डोळ्यांखालून घालत नाही.

खरा त्रास मात्र ‘ठीक आहे’ म्हणून आलेल्या लिंकांनी दिला. लिंकचेकला २००, म्हणजे ‘पान मिळालं’ हा आकडा, मिळाला की तो समाधानी होतो. पान उघडून पाहिलं तर एका जुन्या शिकवणीच्या पत्त्यावर आता सट्ट्याची जाहिरात होती. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, मुदत संपली आणि कोणीतरी ते विकत घेतलं. दुसरीकडे आतलं पान काढून टाकून सगळ्यांना मुख्य पानावर आणून सोडलेलं. यंत्राच्या लेखी दोन्ही जिवंत. तेव्हा मी वही घातली. डाव्या बाजूला आपलं वाक्य काय म्हणतं, मध्ये तेव्हाच्या पानावर काय होतं, उजवीकडे आज काय आहे. मधला रकाना जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमुळे भरता आला. तिथल्या पत्त्यात साठवल्याची तारीख आणि वेळ चौदा अंकांत असते, त्यामुळे आपलं वाक्य लिहिलं गेलं त्याच सुमाराचं पान काढता येतं. हे केलं नसतं तर किती तरी ठिकाणी मी सारख्या नावाचं भलतंच पान जोडून मोकळी झाले असते.

एका ठिकाणी गावात असण्याचा उपयोग झाला. सरकारी नकाशांची एक लिंक दर आठवड्याच्या तपासणीत तुटलेली दिसायची, आणि ती काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. मी माझ्या मोबाइलवर उघडली, तर झटकन उघडली. आपली काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून येणारी विचारणा घेतच नाहीत, आणि तपासणी चालवणारा सर्व्हर परदेशात होता. मी स्क्रीनशॉट जोडला, लिंक राहिली. तिचा पत्ता ‘लिंकचेक इग्नोर’ या न तपासायच्या पत्त्यांच्या यादीत घातला आणि शेजारी टीप लिहिली की ही भारतातून हातानेच तपासावी. आता दर तीन महिन्यांनी ते काम माझ्याकडे आहे.

भाषांतराची गोष्ट मात्र मी आधी विचारात घ्यायला हवी होती. मराठी भाषांतरात मीही आहे. इंग्रजी परिच्छेदाच्या आत लिहिलेला पत्ता बदलला की भाषांतरं सांभाळणारं गेटटेक्स्ट हे साधन त्या अख्ख्या परिच्छेदाचं भाषांतर ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचं, ठरवतं, आणि कोणी हात लावेपर्यंत वाचकाला तिथे इंग्रजीच दिसतं. माझ्या दुरुस्तीने मराठीतलंच अख्खं प्रकरण तसं गेलं. ते पुन्हा तपासण्यात दोन रविवार गेले. त्यानंतर मी पत्ते वाक्यातून काढून पानाच्या तळाशी नावानिशी ठेवायला लागले. वाक्यात फक्त नाव राहतं, पत्ता बदलला तरी भाषांतराला धक्का लागत नाही.

एक लिंक शेवटपर्यंत मिळाली नाही. विहिरीची खोली आणि पाण्याची पातळी नकाशावर कशी दाखवावी, याचा एक छोटा पाठ होता. वेबॅकवर मजकूर होता, चित्रं नव्हती, आणि चित्रांशिवाय तो पाठ समजत नव्हता. शेवटी आमच्याच विहिरीचे, मार्गशीर्षातले आणि चैत्रातले, दोन फोटो काढले. बाबांनी दोर सोडून खोली मोजून दिली. पाच परिच्छेद नव्याने लिहिले. मागच्या आठवड्यात ते मर्ज झालं. त्या जागी आता लिंक नाही, मजकूर आहे.